शिराळ्याच्या हातांना विष काढू द्या

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा विषय निघाला की दोन बाजू लगेच हमरीतुमरीवर येतात. जिवंत नागाची पूजा ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, तिच्यावर कोर्टाने गदा का आणावी, असे एक बाजू विचारते. नाग हा वन्य प्राणी, त्याला मडक्यात कोंडून गर्दीत नाचवणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे, असे दुसरी ठणकावून सांगते. माझा कल उघडपणे दुसऱ्या बाजूला आहे. पण या भांडणात शिराळ्याकडची सर्वांत मोलाची चीज कोणाच्या नजरेला पडलेलीच नाही, असे मला वाटते. ती म्हणजे तिथल्या माणसांचे कसब. बांधावरचे बीळ, बिळाच्या तोंडाशी उमटलेला माग, तिथेच अडकून राहिलेली कात एवढ्यावरून आत नाग आहे की धामण हे ओळखणारी आणि सापाला इजा न करता बाहेर काढणारी माणसे ज्या गावात आहेत, त्या गावाची महाराष्ट्राला गरज आहे. मिरवणुकीसाठी नव्हे. सापाच्या विषासाठी.

शिराळ्याची आख्यायिका अशी सांगतात. गोरक्षनाथ एका दारात भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. पुढे पूजेचा उत्सव झाला आणि उत्सवाची जत्रा झाली. नागपंचमीच्या आधी तरुणांच्या टोळ्या रानात पांगायच्या, धरलेले नाग मडक्यांत ठेवायचे, पंचमीला अंबामातेचे दर्शन, मग मिरवणूक आणि कोणाच्या नागाचा फणा सर्वांत उंच याची चढाओढ. पूजा झाली की नाग परत रानात सोडायचा, हाही शिरस्ताच होता, आणि गाव त्याचा अभिमान सांगते.

फणा काढलेला नाग आनंदाने डोलत नसतो. समोर हलणाऱ्या मुठीवर त्याची नजर असते, कारण ती मूठ आपल्यावर येणार अशी त्याला धास्ती असते. त्याला बाहेरचा कान नाही, दुधाची त्याला गरज नाही. ढोलताशात त्याला जाणवते ती जमिनीची थरथर. म्हणून फण्याची चढाओढ ही भेदरलेल्या जनावराची चढाओढ होती आणि ती थांबली हे योग्यच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, जिवंत नागांचे प्रदर्शन बंद झाले आणि गावाने प्रतिमेची पूजा सुरू केली. मनात सल मात्र राहिली. २०२५ साली केंद्र सरकारने गावाला २१ नाग पकडायची परवानगी दिली. तीही पूजेसाठी नव्हे, तर लोकशिक्षणासाठी आणि परंपरेने आलेले ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी.

शिक्षण हा शब्द मी मनापासून घेतो, आणि म्हणूनच विचारतो की सापाबद्दल आपल्याला शिकायचे आहे तरी काय?

आपल्या कथांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महाभारताच्या आदिपर्वात रुरूची गोष्ट येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा मैत्रिणींबरोबर खेळत असताना वाटेत आडवा पडलेला, झोपलेला साप तिला दिसत नाही. तिचा पाय त्याच्यावर पडतो आणि तो चावतो. रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत आणतो, पण सापांवरचा त्याचा राग जात नाही. दिसेल तो साप काठीने मारत तो हिंडतो. एक दिवस रानात त्याला म्हातारा डुंडुभ भेटतो, बिनविषारी जातीचा. रुरू काठी उगारतो तेव्हा तो म्हणतो, माणसांना चावणारे ते साप वेगळे; नुसत्या सापपणाच्या वासावरून डुंडुभांना मारू नकोस. ‘अहिंसा परमो धर्मः’ हे वचन आदिपर्वात येते ते याच संवादात, या डुंडुभाच्या तोंडून. पुढे तो रुरूला जनमेजयाच्या सर्पसत्राची आणि ते थांबवणाऱ्या आस्तिकाची आठवण देतो.

या गोष्टीत दोन गोष्टी नेमक्या टिपल्या आहेत. साप माणसाच्या मागे लागून चावत नाही. न दिसलेल्या सापावर पाय पडतो. आणि सगळे साप एक नसतात, चावणारा कोणता हे ओळखावे लागते. नागपंचमीच्या कहाणीतही हेच आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्ले चिरडतात, नागीण घरच्यांना डसते, आणि परगावी दिलेली लेक पाटावर नागाचे चित्र काढून पुजत असते म्हणून ती वाचते. पंचमीला नांगरू नये, खणू नये, चिरू नये. ऐन श्रावणात, बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडलेले असतात तेव्हा, निदान एक दिवस माती शांत राहते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. ते वारूळ बांधते वाळवी, साप नंतर येऊन राहतो, आणि हे निरीक्षणही ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून आपल्या तोंडी आहेच. जुन्या लोकांनी डोळे उघडे ठेवले होते. आपण त्यांची पूजा ठेवली आणि निरीक्षण सोडून दिले.

कारण त्या सगळ्या सापांतून आपण एकट्या नागाला उचलले. फणा त्याचा, दहाचा आकडा त्याचा, शंकराच्या गळ्यात तो, राखणदार तो, डूख धरणारा तो. महाराष्ट्रात माणसाचा जीव घेणारे मुख्य साप चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. उरलेल्या तिघांना ना कथा, ना सण. फुरशाच्या वाट्याला तर फक्त इनाम आले. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात ब्रिटिश सरकारने फुरशामागे पैसे लावले होते, लोकांनी ढिगाने फुरशी मारून आणली आणि कोकणातल्या जांभ्या दगडाखाली फुरसे आजही आहे.

मण्यारीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती घरात येते. ती रात्री फिरते. पावसाळ्यात उंदरांच्या, पालींच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर भिंतीच्या कडेने आत शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या कुशीपर्यंत पोहोचते. त्याने कूस बदलली की चावते. दुखत जवळजवळ नाही. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोर पोटात कळ येते म्हणून रडत उठते, घसा दुखतो म्हणते, मग पापण्या मिटू लागतात. घरच्यांना वाटते झोप येतेय. पापण्यांनंतर घसा, घशानंतर छाती. श्वासाचे स्नायू लुळे पडतात. राजस्थानच्या वाळवंटी भागात मण्यारीच्या एका जातीला ‘पीवणा’ म्हणतात, रात्री माणसाचा श्वास पिऊन जाणारा साप. समजूत चुकीची, पण मरण कसे येते हे किती अचूक पाहिलेले.

आणि याच मण्यारीसारखा दिसतो म्हणून कवड्या मारला जातो. तो बिनविषारी, घरातल्या पाली खाणारा. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठसठशीत आणि डोक्याकडे पुसट होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. एवढा फरक शाळेतल्या पोराला एका दुपारी शिकवता येतो. चित्रावरून शिकवता येतो, नाग पकडून आणावा लागत नाही.

आकडे पाहिले की या शिक्षणाची निकड कळते. घरोघर जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे साप चावून गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. सरकारी दप्तरात मात्र वर्षाला साधारण दोन हजार मृत्यूच दिसतात. मधली सगळी माणसे घरी, वाटेत, भगताच्या ओट्यावर किंवा नागोबाच्या देवळात गेली. दवाखान्याच्या कागदावर ती चढलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत अग्रक्रम दिला, भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. कर्नाटकाने त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. नोंद व्हायलाच हवी. पण नोंद झाल्यावर तो माणूस वाचायचा कसा, हे त्या त्या तालुक्यात ठरते.

भगताकडे लोक का जातात, याचे उत्तर अडाणीपणा म्हणून देऊन टाकणे मला मान्य नाही. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताचे बरेच रोगी खरोखर बरे होऊन घरी जातात आणि त्याची कीर्ती गावभर होते. कडुलिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागला, म्हणजे विष नाही. ही परीक्षा कित्येकदा बरोबर ठरते, कारण मुळात विष नसतेच. ज्याला खरोखर विष चढले आहे त्याचे मात्र तिथे दोन-तीन तास जातात, आणि तेवढ्यातच त्याचा जीव जातो.

दवाखान्यातली परीक्षा यापेक्षा फार अवघड नाही. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठेनासे होते. रोग्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची. मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे ओघळले तर विष आहे, ताबडतोब विषावरच्या उताऱ्याचे इंजेक्शन सुरू करायचे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली तर मुळीच नाही, नाहीतर उत्तर फसवे येते. कसलेही यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. इंजेक्शनच्या साधारण दहा कुप्यांनी सुरुवात होते, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस द्यावा लागतो, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. त्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर ती आवरणारे अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी हवे. मण्यारीच्या रोग्याला कृत्रिम श्वास द्यावा लागेल. हे सगळे जाणणारा आणि न घाबरणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जगभर मानले गेलेले संशोधन कोकणातल्या ग्रामीण रोग्यांवर उपचार करतच केले. ग्रामीण भागात हे होऊ शकत नाही, असे म्हणायला त्यानंतर जागा राहिलेली नाही.

आता त्या कुपीत काय असते ते पाहू. सापाचे विष अगदी थोड्या प्रमाणात, वाढवत वाढवत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याला उतारा तयार होतो, त्या रक्तापासून औषध करतात. मुंबईतले हाफकिन या कामातले जुने नाव आहे. म्हणजे आधी विष हवे, आणि भारतात औषधासाठी लागणारे विष मुख्यतः एकाच ठिकाणाहून येते: तमिळनाडूत चेन्नईजवळची इरुळा सर्पधारकांची सहकारी संस्था. इरुळा ही आदिवासी जमात कातड्यासाठी साप धरायची. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बंद पडला, पोटावर पाय आला. सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली या लोकांची सहकारी संस्था उभी राहिली. तेच हात आता विष काढू लागले. साप आणायचा, वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला कापड बांधायचे, काही आठवडे ठेवून ठरलेल्या अंतराने विष काढायचे, पोटाच्या खवल्यांवर खूण करायची म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही, आणि रानात सोडून द्यायचा. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पधारकांना पद्मश्री मिळाली.

मडके, कापड, रानात परत सोडणे. शिराळ्याच्या माणसाला यातले काय नवीन आहे?

तमिळनाडूच्या विषावर सगळ्या देशाचे भागणार नाही, हेही आता स्पष्ट झाले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. त्याचे भक्ष्य वेगळे, हवामान वेगळे, तसे विषही वेगळे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की बाजारातले औषध काही भागांतल्या सापांवर कमी पडते. राजस्थानातल्या फुरशावर ते पुरेसे चालत नाही, हे तिथले डॉक्टर सांगत आले आहेत. मग कोकणातल्या फुरशाचे, विदर्भातल्या मण्यारीचे, वारणेकाठच्या घोणशीचे विष घोड्याला टोचलेच नसेल, तर तिथल्या रोग्याला ज्यादा कुप्या लागल्या याचा दोष डॉक्टरला द्यायचा की रोग्याच्या नशिबाला? महाराष्ट्राने आपल्या सापांचे विष आपण गोळा केले पाहिजे, आणि त्यासाठी साप धरणारी, त्यांच्याबद्दल मनात दरारा आणि माया दोन्ही असलेली माणसे हवीत. ती सांगली जिल्ह्यात आहेत.

कायद्याचा अडसर नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या बाराव्या कलमात खास कारणांसाठी परवानगी देता येते. त्यात शिक्षण आहे, संशोधन आहे, आणि जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष काढणे हेही स्पष्ट शब्दांत आहे.

माझ्या या सूचनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. शिराळ्याची श्रद्धा नागावर आहे. मण्यार, घोणस, फुरसे धरायला ते हात पुढे होतील का? नाग धरणे हे व्रत आहे, फुरसे धरणे हे काम आहे, आणि दोन्हींत फार अंतर आहे. इरुळांना पोटासाठी हे करावे लागले. शिराळ्यातला शेतकरी तरुण वर्षभर का करील? याचे उत्तर तिथल्या तरुणांनीच द्यायचे आहे. मी एवढेच म्हणेन की हे काम पगारी, विमा उतरवलेले, प्रशिक्षण घेऊन करायचे असावे, फुकटच्या सेवेवर ते चालू नये. दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा: परवान्याच्या आडून पुन्हा मिरवणूक सुरू होईल. ही भीती खरी आहे. म्हणून विष काढण्याच्या जागी जत्रा नको, फोटो नकोत, सापाला स्पर्श करू देणे नको, आणि नियम मोडणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी जावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नागाशी खेळताना दंश होऊन गेलेल्या सर्पमित्रांच्या बातम्या आपण वाचतो, तेवढ्या पुरेत.

तोवर करण्यासारख्या साध्या गोष्टीही आहेतच: खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे, रात्री बॅटरी, शेतात गमबूट. पण ऊसतोडीच्या फडावर पालात जमिनीवर झोपणाऱ्या कुटुंबाला खाट घे म्हणणे सोपे आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून साप चावून गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला दोन लाख मिळतात, मात्र त्यासाठी सातबाऱ्यावर घरातल्या कोणाचे तरी नाव लागते. ज्यांना सातबाराच नाही, ते मजूर त्या योजनेबाहेर राहतात, आणि विळा घेऊन उसाच्या पाचटात हात घालणारे तर तेच असतात. ही अट काढलीच पाहिजे. उत्तर प्रदेशाने सर्पदंश ही राज्य आपत्ती ठरवून मृतांच्या वारसांना चार लाख द्यायला सुरुवात केली, तिथे जमिनीचा प्रश्न येत नाही.

शिराळ्याने दिल्लीला अर्ज करून २१ नाग मिळवले. पुढचा अर्ज त्याच बाराव्या कलमाखाली, पण विषाच्या पोटकलमाखाली जावा. त्यात चारही जातींची नावे असावीत, साप किती दिवस ठेवणार आणि कुठे सोडणार हे असावे, काढलेले विष कोणत्या औषध कारखान्याला जाणार हे असावे, आणि साप धरणाऱ्यांपैकी कोणाला दंश झाला तर इंजेक्शन आणि श्वासाचे यंत्र असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे, हेही असावे. त्या शेवटच्या रकान्यात लिहिण्यासारखा दवाखाना शिराळा तालुक्यात उभा करणे हे राज्य सरकारचे काम आहे, आणि तो उभा राहिला की साप धरणाऱ्यांच्या आधी तालुक्यातल्या शेतमजुरांना त्याचा उपयोग होईल.